घोडेकड्यावरची सलग रेष

“निकम, तुम्ही मागे बसा. ओजसला लॅपटॉप मांडीवर घ्यायचाय, मागे फार हादरे बसतात.”

रेगे मॅडम हे इतक्या सहज म्हणाल्या की मी जीपचं मागचं दार उघडून आत चढलोसुद्धा. चढल्यावर लक्षात आलं, की जीप चालवणाऱ्या मॅडमच्या शेजारची ती जागा बारा वर्षं माझी होती. माझ्याही मांडीवर नकाशाच असायचा, कागदाचा, घड्या पडून पडून कापडासारखा मऊ झालेला. त्याला हादरे बसतील अशी काळजी कुणी केली नव्हती. मी मागच्या आडव्या बाकावर दगडांच्या नमुन्यांच्या खोक्याला पाय लावून बसलो आणि पुढची दोन डोकी बघत राहिलो. एक पिकलेलं, एक जेल लावलेलं.

आम्ही तिघंही भूगर्भशास्त्राची माणसं. पुण्यातल्या एका संस्थेत मॅडम प्रमुख आणि मी त्यांच्या हाताखाली. ओजस मेहेंदळे दोन वर्षांपूर्वी कॉम्प्युटरच्या वाटेने आमच्यात आलेला. सोनजाईच्या डोंगररांगेचा भूगर्भीय नकाशा हे मॅडमचं आयुष्यभराचं काम. कुठला दगड कुठे संपतो, लाव्हाच्या दोन थरांमध्ये भाजलेल्या मातीचा तांबडा पट्टा कुठून कुठे जातो, हे सगळं डोंगर चालून काढायचं. माझी पीएच.डी. त्याच तांबड्या पट्ट्यावर झालेली. आता तो सगळा नकाशा ओजसने पडद्यावर आणला होता. बोट लावलं की डोंगर फिरतो, बोटं फाकवली की जवळ येतो, रेषेवर टेकवलं की तिथल्या दगडाचा फोटो उघडतो.

अंबोळे गावात शाळेच्या हॉलमध्ये परवा तो पहिल्यांदा लोकांना दाखवायचा होता. महिनाअखेर मॅडम निवृत्त होणार होत्या, आणि यापुढे नकाशा कुणाच्या ताब्यात राहणार, हे त्या तिथेच सांगणार होत्या. मी किंवा ओजस. तिसरं कुणी नव्हतंच.

“ओजस, त्या झऱ्यांचं काय केलंस रे?” पुढून मॅडमचा आवाज आला.

“निळे ठिपके केलेत मॅडम. उन्हाळ्यात आटणारे फिकट निळे.”

“वा. हे मला सुचलंच नसतं.”

झरे मी शोधलेले. काट्यांनी हात फाडून घेऊन. ठिपके निळे केले म्हणून ‘वा’ त्याला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण मागच्या बाकावर बसून माणूस काय बोलणार. मी खोकं सरळ केलं.

आणखी एक गोष्ट मला सलायची, ती सांगूनच टाकतो. तो पहिल्या महिन्यापासून ‘ओजस’ आणि ‘अरे’. मी बारा वर्षांनंतरही ‘निकम’ आणि ‘तुम्ही’. मला भालचंद्र हे नाव आहे. घरी भालू म्हणतात. मॅडमच्या तोंडून ते एकदाही आलं नाही. त्यांच्या गुडघ्याला मी पट्टा बांधलाय, ओढ्यातून त्यांना हात धरून पलीकडे नेलंय, आणि हा कालचा पोरगा खुर्चीत बसून अरे-तुरेत गेला. हेवा वाटत होता, हो. साधासुधा नाही. दोघं हसले की मी खोक्यातले दगड उगाच मोजायला लागायचो.

गावात आमची सोय पोवार गुरुजींच्या घरी होती. संध्याकाळी ओसरीवर ओजसने लॅपटॉप उघडला. मॅडम आत गुरुजींच्या मंडळींशी बोलत होत्या. मी म्हटलं, “दे बघू, जरा तपासतो.”

“तपासा की सर. उलट बरंच.”

तो असाच होता. गोड बोलायचा. त्यामुळे त्याच्यावर नीट चिडताही यायचं नाही.

मी तपासायला नव्हतो बसलो, खुसपट काढायला बसलो होतो. मॅडमचा एक नियम होता, नकाशाचा आणि एकूणच जगण्याचा म्हणा. ज्या रेषेवरून पायाने चाललात, ती सलग काढायची. जिथे नुसता अंदाज आहे तिथे तुटक. आणि दोन्हीवर नाव लिहायचं. सलग रेषेवर चालणाऱ्याचं, तुटक रेषेवर अंदाज करणाऱ्याचं. “अंदाजालाही बाप असला पाहिजे,” असं त्या नव्या पोरांना सांगायच्या. नवीन असताना एकदा मी ओढ्यापलीकडची वीतभर रेष न चालता सलग केली होती. मॅडमनी भर उन्हात मला परत पाठवलं. मी आलो तेव्हा त्या झाडाखाली बसून होत्या, माझा डबाही त्यांनी उघडू दिला नव्हता कुणाला. “आता जेवा,” म्हणाल्या. 

मी रेषांवर बोट लावत चाललो. फोटो उघडत होते. बहुतेक माझे. मोजमाप कळावं म्हणून दगडाजवळ हातोडी ठेवतात, ती हातोडी माझी. काही फोटोंत कडेला माझे बूट आलेले. नाव, तारीख, सगळं नीट. पोरानं काम चोख केलं होतं आणि तेच मला सहन होत नव्हतं. मग मी घोडेकड्यावर आलो.

घोडेकडा म्हणजे अंबोळ्याच्या वरचा तुटलेला डोंगर. त्याच्या अलीकडे तांबडा पट्टा दिसतो, पलीकडे दिसतो. कागदाच्या नकाशावर कड्याच्या उंचीच्या रेषा तिथे इतक्या दाटतात की सगळं काळंच दिसतं, मधली रेष सलग आहे की तुटक ते कुणाला कधी कळलं नव्हतं. पडद्यावर मोठं केल्यावर ती स्पष्ट दिसली. सलग. या टोकापासून त्या टोकापर्यंत, सुतार आखतो तशी. मी बोट लावलं. काहीच उघडलं नाही. ना फोटो, ना नाव.

पुन्हा लावलं. नाही.

दिवाळीचा पहिला चिवडा तोंडात पडावा तसं मला झालं. ह्या पठ्ठ्याने कॉम्प्युटरला दोन टोकं दिली आणि मधली जोडून घेतली. उंटावरून शेळ्या हाकल्या. मॅडमच्या नकाशात, मॅडमच्या नियमाच्या डोक्यावर पाय देऊन. मॅडमना हे कळलं की पुढची जागा कुणाची ते ठरलंच.

“काही सापडलं का सर?” ओजसने विचारलं.

“छे,” मी म्हटलं. “छान केलंयस.”

दुसऱ्या दिवशी मी एकटाच निघालो. मॅडमना सांगितलं, एक झरा बघून येतो. घोडेकड्याच्या समोरच्या धारेवर चढलो आणि दुर्बीण लावली. अलीकडे पट्टा होता, विटेच्या रंगाचा. मध्ये सगळी दरड कोसळून आलेली, तिच्यावर गवत माजलेलं, त्यात पट्टा दिसत नव्हता. पलीकडे पुन्हा पट्टा. मधून चालायला बकरीपुरतीही वाट नव्हती. धारेवर एक धनगर मेंढरं घेऊन बसला होता. त्याला विचारलं, “त्या कड्याच्या मधनं कुणी जातं का?”

“कशाला जायाचं?” तो म्हणाला. “मरायला सोपी जागा खाली हाय की.”

मी हसलो. खूप दिवसांनी मनापासून हसलो. त्याला माझ्याकडची चिक्की दिली. उतरताना मी मनात वाक्यं जुळवत होतो, कसं विचारायचं, किती शांतपणे. रागावून नाही विचारायचं. सहज विचारायचं.

खरं तर मी त्याच दुपारी मॅडमना एकट्यात सांगू शकलो असतो. ओजसला बाजूला घेऊन कान उपटू शकलो असतो. पण मग मजा काय राहिली असती.

परवाचा दिवस उजाडला. शाळेचा हॉल भरला होता. सरपंचबाई, गुरुजी, शाळेची पोरं, म्हातारी माणसं, बायका. मोठा पडदा भिंतीला टेकवून उभा केलेला आणि ओजस त्याच्या शेजारी, इस्त्रीच्या शर्टात. त्याने लोकांना बोलकं केलं, हे कबूल करायला हवं. “घाबरू नका, बोट लावा,” म्हणायचा. एक आजी पुढे आली.

“आमचा वरल्या आळीचा झरा दिसतुया का रं ह्यात?”

“इथे लावा बोट, आजी.”

तिने बोट लावलं. झऱ्याचा फोटो उघडला. ती जवळ जाऊन बघत राहिली आणि म्हणाली, “झरा आमचाच हाय. पर हे पाय कुणाचं म्हणायचं?”

हॉल हसला. फोटोच्या कडेला माझे चिखलाने भरलेले बूट होते.

“निकम सरांचे,” ओजस म्हणाला. “सगळा डोंगर त्यांच्याच पायांनी झालाय, आजी.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं, आणि हसल्या. तेव्हा तरी मी गप्प बसायला हवं होतं असं कुणी म्हणेल. पण मला वाटलं, माझ्या वाट्याच्या टाळ्यासुद्धा हाच वाटतोय. वाढप्याच्या हातात पळी असते ना, तसं. मी उभा राहिलो.

“ओजस, घोडेकड्यावर बोट लाव की जरा.”

त्याचं बोट पडद्यापर्यंत जाऊन थांबलं. “सर, वेळ थोडा कमी आहे. आपण आधी पाण्याचं—”

“एकच बोट. लाव.”

त्याने मॅडमकडे पाहिलं. मला वाटलं, आधार शोधतोय. मॅडम पदराने चष्मा पुसत होत्या. त्याने बोट लावलं. काहीच उघडलं नाही.

“घोडेकडा?” पुढच्या रांगेतले एक म्हातारे शेजाऱ्याला म्हणाले. “तिथं आन् कोण गेलं हुतं? वानर जात न्हाई तिथं.”

“हेच मला विचारायचंय काका,” मी म्हणालो. “आमच्याकडे नियम आहे. चाललेली रेष सलग, अंदाजाची तुटक. ही सलग आहे. मग कोण चाललं, ओजस?”

सगळा हॉल पडद्याकडे वळला. पोरंसुद्धा. ओजसच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मी मॅडमकडे पाहिलं. त्या आता पडद्याकडे उठतील, रेष बघतील, आणि माझ्याकडे वळतील, असं मला वाटत होतं. त्या चष्माच पुसत होत्या. तो केव्हाच स्वच्छ झाला होता.

“कुणी नाही,” ओजस म्हणाला. “माझी चूक आहे सर. मी जोडली. तुटक करायची राहिली.”

“राहिली?”

“केली नाही.”

“मॅडमच्या नकाशात?”

“निकम,” मॅडम म्हणाल्या. आवाज नेहमीचाच होता, पण थोडा उशिरा आला. “बसा. लक्षात आलं सगळ्यांच्या.”

मी बसलो. कार्यक्रम पुढे चालला. पाणी, दरडी, कुठे घर बांधू नये, असं सगळं ओजसने न अडखळता सांगितलं. शेवटी मॅडम उभ्या राहिल्या. लोकांचे आभार मानले, गुरुजींचे मानले. मग म्हणाल्या, “मी आता घरी बसणार. हा नकाशा यापुढे निकम सांभाळतील. चूक दिसली की ते बोलतात. नकाशाला असंच माणूस लागतं.”

टाळ्या झाल्या. बारा वर्षं ज्याची वाट पाहिली ते एका वाक्यात माझं झालं. सरपंचबाईंनी मला नारळ दिला. मी तो घेऊन उभा होतो आणि मॅडम माझ्याकडे न बघता चपला शोधत होत्या.

लोक पांगल्यावर ओजस एकटाच वायरी गुंडाळत होता. कोपरातून पंजाभोवती, पंजातून कोपराभोवती. मी जिंकलो होतो, तेव्हा मोठेपणा दाखवणं भाग होतं.

“मनाला लावून घेऊ नकोस,” मी म्हटलं. “होतं असं. मीही एकदा वीतभर रेष तशीच काढली होती.”

“माहितेय. मॅडमनी सांगितलंय.” तो वायर गुंडाळतच राहिला. मग म्हणाला, “सर, ती रेष माझी नाही.”

“म्हणजे?”

“मॅडमची आहे.”

मी हातातला नारळ बाकावर ठेवला.

“खोटं बोलू नकोस.”

“तरुणपणी त्या आल्या तेव्हा कड्यावर जायला वाट मिळाली नाही. दोन्ही टोकं दिसत होती. जोडून टाकली. नकाशा छापून आला, लोकांनी नावाजला. मग दुरुस्त करायचं राहून गेलं. आणि जसजसं राहिलं तसतसं अवघड झालं.” त्याने वायरीला गाठ मारली. “मी पडद्यावर मोठी केली तेव्हा मला दिसलं. मी विचारलं, यावर नाव कुणाचं घालू? तर त्यांनी सगळं सांगितलं.”

“मग तुटक का नाही केलीस लगेच?”

“करणारच होतो. त्या म्हणाल्या, मी घरी बसले की कर. आत्ता नको.”

“का पण?”

ओजस पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलला. “तुमच्यामुळे. दोन्हीकडचा पट्टा एकच, यावर तुमची पीएच.डी. उभी आहे, आणि ते त्यांनी तुम्हाला खरं म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या, जगाला कळलं तरी चालेल, ओजस. निकमांना कळता कामा नये.”

बाहेर पोरं बाक ओढून वर्गात नेत होती, त्याचा खरखर आवाज येत होता. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही. पण त्याच्या आधी, अगदी आधी, जो आला तो तोच जुना हेवा होता.

“तुला सांगितलं,” मी म्हणालो. “दोन वर्षांच्या माणसाला. मला नाही.”

ओजस हसला. चांगलं नव्हतं ते हसणं. “सर, चहा पिता पिता सांगितलं मला. बिस्किट बुडवता बुडवता. त्यांना काही वाटलंच नाही मला सांगायला. माझ्यापुढे त्यांचं काय जाणार होतं? मी खूप काम केलं हो त्यांच्यासाठी, पण त्या मला कधी भ्यायल्या नाहीत. तुम्हाला भ्यायच्या. मला काय बरं वाटलं असेल?”

त्याने पडद्यावर कापड टाकलं. मी वायरींची पिशवी उचलली, एवढंच केलं.

जीपपाशी मॅडम उभ्या होत्या. ओजस आपणहून मागे चढला, खोक्याजवळ.

“निकम, पुढे बसा,” मॅडम म्हणाल्या.

मी बसलो. लॅपटॉप माझ्या मांडीवर. गाडी अंबोळ्याचा घाट उतरायला लागली. एका वळणावर घोडेकडा समोर येतो, उन्हात सगळाच्या सगळा. मॅडम गाडी हळू करून त्याच्याकडे बघत होत्या. मी त्यांच्याकडे. मला कळलंय हे त्यांना कळलं होतं, माझ्या गप्प बसण्यावरूनच. एरवी मी वळणावळणाला दगड दाखवत बडबडायचो.

“हादरे बसतायत का?” त्यांनी विचारलं.

“नाही मॅडम.”

“बरं.”

त्यानंतर आम्ही त्या रेषेबद्दल कधीही बोललो नाही. मी विचारलं म्हणून मला पश्चात्ताप आहे का, असं माझी बायको अजून विचारते. रेष चुकीची होती, विचारायलाच हवं होतं. अंगाशी आलं ते माझ्याच, कारण महिन्याभरात मला स्वतःच्या पीएच.डी.वर जाहीर दुरुस्ती छापावी लागली. तांबडा पट्टा अलीकडचा आणि पलीकडचा एकच आहे की नाही, ते आजही कुणाला ठाऊक नाही. ते सोसलं मी.

जे सोसलं नाही ते वेगळं. पुण्याला परतल्यावर नकाशा माझ्या ताब्यात आला. पहिलं काम म्हणून मी घोडेकड्याची रेष उघडली. ती आधीच तुटक झाली होती. अंबोळ्याहून आलो त्याच संध्याकाळी ओजसने केली होती, त्याच्याकडचं काम सोपवण्याआधी. मी बोट लावलं. आता चौकट उघडली. ‘अंदाज: ओजस मेहेंदळे.’

मी त्या नावाकडे बराच वेळ बघत बसलो. मॅडमच्या आयुष्यातली एकुलती एक खोटी रेष, आणि ती या पोराच्या नावावर. अरे-तुरे त्याचं, चहा-बिस्किट त्याचं, आणि हेही त्याचंच. बारा वर्षं डोंगर मी चाललो, आणि त्यांच्यासाठी खोटं बोलायचा मान याला.

मी त्याचं नाव पुसलं आणि लिहिलं, ‘अंदाज: भालचंद्र निकम.’

मॅडमनी ते पाहिलं असणार. निवृत्तीनंतर त्या रोज सकाळी नकाशा उघडून बसायच्या, असं त्यांची बहीण सांगायची. मला त्या काही बोलल्या नाहीत. फक्त त्या दिवाळीला फोन आला तेव्हा ‘निकम’ म्हणाल्या नाहीत. “भालचंद्र, फराळाला ये,” म्हणाल्या. मी गेलो. पुढे ‘निकम’ परत आलं, आणि तेही मला चाललं.

त्या गेल्या त्या वर्षी ओजसचा फोन आला. तो तेव्हा नॉर्वेत होता, तिकडच्या डोंगरांचे नकाशे करत. मॅडमबद्दल आम्ही पुष्कळ बोललो. फोन ठेवताना म्हणाला, “सर, घोडेकडा माझ्या नावावर होता.”

“होता.”

“आज बघितलं तर तुमचं नाव आहे.”

“कधीचंच आहे.”

“परत द्या की,” म्हणाला.

“नाही देणार,” मी म्हणालो.